तीन मिनिटं, मग कोणीही असो

हौशीरामच्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं की आधी शाली अंगावर येतात आणि मग कपडे दिसतात. एकतीस शाली, सगळ्या एकाच भगव्या-तपकिरी रंगाच्या, थंडीत अंगावर घेतल्या तर थंडीलाच हसू यावं इतक्या पातळ. लंकाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यांची आपल्या परीने सोय लावली आहे. दोन लसूण वाळवायला, एक मोटारसायकलवर, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर. "कोंबड्यांचा सत्कार झालाय," असं ती आल्यागेल्याला सांगते.

हौशीराम तसा निरुपद्रवी माणूस. डिंगोऱ्यात तीन एकर रान, कांदा आणि टोमॅटो, तंबाखूसुद्धा नाही. व्यसन एकच, पत्रिकेत नाव. मोठी माणसं निमंत्रण पत्रिका वरून खाली वाचतात, हौशीराम खालून वर वाचतो. नाव लवकर सापडतं. ते नाव छापलं जावं म्हणून त्याने वीस वर्षं किती मांडवांच्या खुर्च्या मांडल्या, किती स्वागताला धावला, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवायची कशाला, आळीतले सगळे तेच करतात. त्याच्याइतकं मनापासून करत नाहीत, एवढंच.

कारण जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कार्यक्रम कशाचा आहे याला फारसं महत्त्व नसतं, कोण कोण येणार याला असतं. लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा छापायचा आणि शेठ येईपर्यंत अक्षता मुठीत घाम फुटेस्तोवर धरून बसायच्या. शेठ आले की आधी त्यांचा सत्कार, मग त्यांचे आशीर्वाद, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचे आशीर्वाद. तोवर नवरदेवाच्या मुंडावळ्या कानावर उतरलेल्या असतात.

अशा मांडवांतल्या तिसऱ्या रांगेत वैजयंती लहानाची मोठी झाली. हौशीरामची थोरली. दिसायला आईवर, बोलायलाही आईवर, फक्त तिला बोलायला जागा सापडत नव्हती.

ती बारावीत असताना तिची आजी, हौशीरामची आई ठकूबाई गेली. नदीकाठी दशक्रिया झाली आणि शिरस्त्याप्रमाणे माइकवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. चौदा जण बोलले. कावळा पिंडाला शिवून, पोट भरून, परत येऊन बसला तरी भाषणं संपेनात. एकाने त्यातच धरणाच्या पाण्याचा प्रश्न काढला. दुसऱ्याने भरल्या गळ्याने सांगितलं की ठकूबाई त्याला नेहमी फोन करून आशीर्वाद द्यायच्या. ठकूबाईने जन्मात फोन कानाला लावला नव्हता. त्यातून झटका बसतो अशी तिची खात्री होती.

वैजयंती उठून बापापाशी गेली.

"तात्या, मला बोलायचंय. आजीबद्दल."

"घरी बोल."

"घरी आजी न्हाई. इथं हाय, तर इथंच बोलते ना."

"यादीत नाव न्हाई तुझं," हौशीराम हळूच म्हणाला. आणि खरं सांगायचं तर यादीत त्याचंही नाव नव्हतं, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्याच्याही नाही.

शेवटचे आठ दिवस म्हातारीने दुधात कुस्करलेल्या भाकरीशिवाय काही मागितलं नव्हतं आणि ती भाकरी वैजयंतीच भरवत होती. हे त्या माइकवर कुणी सांगितलं नाही. पोरगी गप्प बसली. पण लंकाबाईची पोर गप्प बसली की समजायचं, कुठेतरी काहीतरी शिजतंय.

ते शिजलं दोन वर्षांनी, कॉलेजात. एस. वाय. बी. ए.ला असताना ती मराठीच्या ज्ञानेश्वर सरांसमोर अर्ज घेऊन उभी राहिली. सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दरवर्षी जून आला की यंदा आपण आहोत की नाही, हे त्यांना नोटीस बोर्ड वाचून कळायचं. त्यामुळे ते सही करताना पेन आधी हवेत दोनदा फिरवायचे.

"मंडळाचं नाव काय म्हणालीस?"

"वाद-मंडळ."

"वाद नको गं. संवाद म्हण."

"संवाद सगळेच म्हणतात सर. आणि मग एकटाच बोलतो."

सरांनी नियम वाचले. दर गुरुवारी अडीच वाजता, दोनच जण आले तरी सुरू. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं, मग कोणीही असो. हार, नारळ, शाल, पाहुणे काही नाही.

"पाहुणे नाहीत?"

"पाहुणा आला तर त्यालाही तीन मिनिटं."

सरांचं पेन हवेत चार वेळा फिरलं, पण सही झाली.

मंडळाचा दुसरा खांब जिनेश. बाजारपेठेत त्याच्या आजोबांचं, चंपालालजींचं, कापडाचं दुकान आहे आणि दारावरच पाटी आहे: 'सत्काराचा संपूर्ण सेट मिळेल'. शाल, फेटा, टोपी, नारळ, वर गुलाब फुकट. हौशीराम तिथलं जुनं गिऱ्हाईक. नातू असल्या मंडळात गेल्याचं कळल्यावर चंपालालजींनी चष्मा काढून ठेवला.

"शाल बंद, नारळ बंद, फेटा बंद. मग बेटा, मी आता ताटल्या विकू का?"

"ताटली लागणारच आहे बाबा," जिनेश म्हणाला, आणि आजीच्या मांडणीतून एक स्टीलची ताटली आणि चमचा उचलून घेऊन गेला. ताटलीमागे 'सौ. प्यारीबाई' असं कोरलेलं होतं. तीन मिनिटं झाली की जिनेश मोबाइल बघून ती वाजवायचा. प्यारीबाईंचं नाव अशा रीतीने तालुक्याच्या वक्तृत्वाच्या इतिहासात लागलं.

इकडे डिंगोऱ्यात बातमी पोचायला किती वेळ लागणार. शेजारच्या साळुबाईने धुणं धुता धुता विषय काढला.

"लंके, पोरीला भांडायला शिकाया कॉलेजात घातलंय म्हणं. तुझ्यापाशीच ठेवायची की. फी वाचली असती."

"मी फुकट शिकवते गं," लंकाबाई म्हणाली, "म्हणून किंमत न्हाई."

पहिल्या गुरुवारी चार जण आले. वैजयंती, जिनेश, वर्गातला पंखा चालू आहे म्हणून झोपायला आलेला एक जण, आणि मढची समृद्धी. समृद्धी पहाटे साडेपाचला घरातून निघायची आणि दिवसभरात 'यस सर' सोडून काही बोलायची नाही. विषय होता, बिबट्या पकडून न्यावा की माणसाने उसाच्या कडेला घर बांधू नये. समृद्धी उभी राहिली, चाळीस सेकंद बोलली, "आमच्या इथं दोन शेळ्या नेल्या," एवढं तीनदा सांगितलं आणि बसली.

"अजून दोन मिनिटं वीस सेकंद आहेत तुझी," वैजयंती म्हणाली.

"संपलं माझं."

"मग उभी राहा नुसती. तुझी वेळ हाय, ती दुसऱ्याला द्यायची न्हाई."

समृद्धी दोन मिनिटं वीस सेकंद गप्प उभी राहिली. झोपलेला पोरगा उठून बसला. पुढच्या गुरुवारी ती अडीच मिनिटं बोलली, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी ताटली वाजली तेव्हा तिने जिनेशकडे असं पाहिलं की त्याने चमचा खाली ठेवला.

दिवाळीपर्यंत पस्तीस जण झाले. लग्नात डीजे हवा की नको, मुलीने रात्रीची शेताला पाणी द्यायची पाळी करावी का, आईबापाच्या पसंतीचा मुलगा वाईट निघाला तर दोष कुणाचा, असल्या विषयांवर पोरं घशाच्या शिरा ताणायची आणि साडेतीनला एकमेकांच्या वहीतून नोट्स उतरवत बाहेर पडायची. पस्तीस पोरं परीक्षा नसताना एका खोलीत बसतात ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली आणि तिथेच घोटाळा झाला. चांगली चाललेली गोष्ट दिसली की आपल्याकडे तिचं उद्घाटन करावंसं वाटतं.

"पण सर, चार महिने झाले सुरू होऊन," वैजयंती म्हणाली.

"ते अनौपचारिक. आता रीतसर होईल. संस्थेचे संचालक अमृतशेठ येतायत. तुझ्या वडलांचंही नाव घातलंय पत्रिकेत."

"यायला हरकत न्हाई. पण शेठनाही तीनच मिनिटं. नियम हाय मंडळाचा."

प्राचार्य मनापासून हसले. पोरीने विनोद केला असं त्यांना वाटलं. "बघू, बघू," ते म्हणाले. आता 'बघू' म्हणजे नाही, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. वैजयंतीलाही कळत होतं. पण तिने ठरवून ते हो असं धरलं आणि मंडळात तसं सांगूनही टाकलं.

हौशीरामने पत्रिका चार दिवस खिशात घडी करून वागवली. यावेळी नाव तळाला नव्हतं. वरून सहावं होतं, 'विशेष उपस्थिती'त, आणि शेजारी शेठचं नाव. कटिंगला गेला तरी न्हाव्याला दाखवून आला.

उद्घाटन अकराचं होतं. अकराला व्यासपीठावर नऊ खुर्च्या, नऊ पाण्याच्या बाटल्या, आणि माणूस एकही नाही. खाली पोरं बसलेली. अकरा वाजून एक मिनिटाने वैजयंती माइकपाशी गेली.

"विषय आहे, गावाच्या कार्यक्रमात बायकांना माइक मिळतो का. पहिलं नाव जिनेशचं."

पहिल्या रांगेतून हौशीराम अर्धवट उठला. "वैजू, शेठ यायचेत अजून."

"येतील की तात्या. आपण सुरू तर करू."

शेठ बारा चाळीसला आले. तोपर्यंत बावीस जण बोलून झाले होते आणि माइक समृद्धीच्या हातात होता. दारात गडबड झाली, प्राचार्य धावले, खुर्च्या सरकल्या, समृद्धी थांबली.

"तुझं सव्वा मिनिट राहिलंय," वैजयंती म्हणाली. "बोल."

आणि समृद्धी बोलली. शेठ, मागे त्यांची आठ माणसं, शेजारी हातात नारळ धरलेले प्राचार्य, असे सगळे दारात सव्वा मिनिट उभे होते आणि मढची ती पोरगी सांगत होती की तिच्या गावच्या ग्रामसभेत बायकांच्या सह्या घरोघर जाऊन आणतात, म्हणजे बायकांना त्रास नको. ताटली वाजली. ती बसली. मग पाहुणे आत आले.

हारतुरे नकोत म्हटलं होतं तरी झालेच. ते प्राचार्यांचं खातं. मग शेठ माइकसमोर उभे राहिले. शेठ म्हणजे वाईट माणूस नव्हे, अडल्यानडल्याला फोन करणारा, लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत थांबणारा. पण बोलायला उभा राहिला की आधी नावं घ्यायची ही जन्माची सवय. व्यासपीठावर विराजमान अमुक, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ते तमुक, आमचे सहकारी, आमचे जिवाभावाचे, अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमा असावी. हौशीरामचं नाव सातवं आलं. त्याने बसल्या बसल्या मान झुकवली. नावं संपली, शेठ घोटभर पाणी प्यायले, "मित्रहो" म्हणाले, आणि ताटली वाजली.

जिनेशने आधी मोबाइल दोनदा बघून घेतला होता.

शेठना वाटलं चहा आला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पुन्हा "मित्रहो" म्हणाले. जिनेशने वैजयंतीकडे पाहिलं आणि चमचा तिच्याकडे सरकवला. पोरगं व्यापाऱ्याचं, जोखीम कुठे थांबवायची ते त्याला कळतं. वैजयंतीने ताटली घेतली आणि दुसऱ्यांदा स्वतः वाजवली.

"शेठ, वेळ संपली."

"अगं, मी अजून सुरुवातच केली न्हाई."

"नावांतच गेली तुमची तीन मिनिटं. आमी मोजत व्हतो."

सभागृहात टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, मग अजून कुणीतरी, मग पस्तीसच्या पस्तीस. शेठही हसले. गर्दीत हसायचं असतं हे त्यांना चांगलं ठाऊक. हसत हसत गाडीत बसले, आणि काच वर गेल्यावर काय झालं ते प्राचार्यांना संध्याकाळी फोनवर कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला कुलूप. वैजयंतीने लेखी माफी द्यावी, नाही तर सोमवारपासून मंडळ रद्द आणि कॉलेजचं नाव वापरायचं नाही. ज्ञानेश्वर सरांनी मंडळाच्या प्रमुखपदावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. "माझा जून येतोय गं," एवढंच तिला म्हणाले.

सोमवार आला. वैजयंतीने प्राचार्यांना एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: 'मंडळाचा नियम सर्वांना आधी सांगितला होता. तो पाळला गेला. माफीचं कारण सापडत नाही. सापडल्यास कळवीन.' खाली सही, तारीख. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि मंडळ रद्द केलं.

घरी हौशीराम पोरीशी बोलायचा बंद झाला. जेवताना "हिला म्हणावं, मीठ वाढ" असं बायकोला सांगायचा. यात्रेची पत्रिका छापून आली. त्याने खालून वर वाचली, मग वरून खाली वाचली. त्याचं नाव 'समस्त ग्रामस्थ' यात विरघळून गेलं होतं.

"घ्या," लंकाबाई म्हणाली. "नाव असताना बी खुर्च्या तुमीच लावल्या, आता बी तुमीच लावा. फरक काय पडला?"

हौशीराम ताटावरून उठला. हे जरा जास्तच झालं, असं साळुबाईसुद्धा म्हणाली. साळुबाईने हे ऐकलं कुठून, ते विचारू नये. भिंती पातळ आहेत.

मंडळ मात्र मेलं नाही. कॉलेज सुटायचं अडीचला आणि मढ-डिंगोऱ्याकडची एसटी लागायची पावणेचारला. मधला सव्वा तास पोरं स्टँडवर टंगळमंगळ करायची. पुढच्या गुरुवारी वैजयंती फलाट दोनच्या बाकावर चढली, जिनेश दुकानातून ताटली घेऊन आला, आणि झालं सुरू. कॉलेजचं नाव वापरायचं नव्हतं, म्हणून तिने कुठलंच वापरलं नाही. पहिल्या दिवशी कंट्रोलर खिडकीतून ओरडला. दुसऱ्या गुरुवारी तो चहा घेऊन बाहेर आला. तिसऱ्या गुरुवारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "मला बी बोलता येतं का गं हितं?" ती बोलली, आणि ताटली वाजल्यावर तिने जिनेशला दमात घेतलं की हे घड्याळ पुढे आहे. ज्ञानेश्वर सर खांबाआड पेपर वाचत उभे असायचे. सव्वा तासात त्यांचं पान उलटायचं नाही.

ही बातमी शेठपर्यंत गेली. शेठ शहाणे. त्यांनी हौशीरामला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, की पोरगी लहान आहे, आपण मोठे आहोत. गुरुवारी तीन वाजता तिला घेऊन या, पाया पडू दे, विषय संपला. वर्ग परत, वर माइक देतो, पंखे देतो. हौशीराम डोळे पुसत घरी आला. यात्रेची पत्रिका अजून दुसऱ्यांदा छापायची होती, हेही शेठ बोलता बोलता म्हणाले होते.

गुरुवारी तीनला पाच कमी असताना हौशीरामची मोटारसायकल स्टँडवर आली. फलाट दोनवर साठ-सत्तर माणसं.

"वैजू, चल. शेठ थांबलेत."

"पावणेचारला येते."

"तीनची वेळ दिलीय त्यांनी. थांबलेत ते आपल्यासाठी."

"थांबू द्या की मग."

"अगं, वर्ग देतायत, माइक देतायत. नुसतं पाया पड. माझं काय जातंय, तुझं काय जातंय?"

"माझा नियम जातोय तात्या. मी पाया पडले तर उद्या ही ताटली कुणावर वाजवू? समृद्धीवर?" वैजयंती बाकावरून खाली उतरली. "मी येणार न्हाई. आज न्हाई, उद्या बी न्हाई. तुमाला मला बोल लावायचा असंल तर हितं सगळ्यांसमोर लावा. तुमालाही तीन मिनिटं हायेत."

कंट्रोलरने चहाचा पेला खाली ठेवला. हौशीरामला मागे फिरता येत होतं, मोटारसायकल तिथेच होती. पण चारचौघांत पोरीने असं बोलल्यावर मागे फिरला तर आळीत तोंड कसं दाखवणार. तो तिरीमिरीत बाकावर चढला.

"ही माझी पोर," तो म्हणाला, आणि अडकला. हात कुठे ठेवायचे ते कळेना. आधी खिशात घातले, मग काढले. "हिला वळण न्हाई. मोठ्या माणसाचा मान ठेवत न्हाई. म्या हिला लहानपणापासून कार्यक्रमाला नेलं. वीस वर्षं मी कार्यक्रमाला जातो. खुर्च्या लावतो, पाण्याच्या बाटल्या ठेवतो. माइक चालू हाय का बघायला 'हॅलो, हॅलो' म्हणतो." त्याने शर्टाच्या बाहीने घाम पुसला. "हॅलोच्या पुढं मला कुणी कधी बोलू दिलं न्हाई. माझ्या आईच्या दहाव्याला बी न्हाई. तिथं चौदा जण बोलले, माझं मला काय सांगायचं व्हतं ते..."

खिशातला फोन वाजायला लागला. त्याने काढून पाहिला. तीन वाजून गेले होते. स्क्रीनवर 'शेठ' असं लिहिलेलं जवळच्या चारपाच जणांनी वाचलं, आणि त्यांच्याकडून ते फलाटाच्या टोकापर्यंत गेलं. हौशीराम फोनकडे बघत राहिला. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

त्याने अंगठ्याने तो बंद केला, खिशात टाकला आणि जिनेशकडे वळला.

"माझं अजून किती राहिलंय रे?"

जिनेशने मोबाइल वैजयंतीपुढे धरला. तिने बघितलं. बाप म्हणून एक सेकंदही वाढवून दिला नाही.

"पन्नास सेकंद, तात्या," ती म्हणाली. "बोला."